पाटाच्या पाण्याची वाटी

गोजराचं कुणी खरं मानलं नाही. तसं आपल्यातही कोण कुणाचं मानतं म्हणा. तर ही फार फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका गावात नदीवरून काढलेला पाट होता. पाटाचं पाणी शेतांना पाळीपाळीनं मिळायचं. पाळी मोजायला तांब्याची एक वाटी होती, बुडाला बारीक भोक असलेली. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी शिरून दहा वेळा वाटी बुडाली, की एकाची पाळी संपली. वाटी राघो पाटकऱ्याच्या ताब्यात असे. सकाळची पहिली पाळी त्याच्याच शेताची. शेवटची गोजराची.

गोजराच्या गव्हाचे शेवटचे चार वाफे दर पाळीला कोरडे राहायचे. गावाचा नियम असा, की दोन हंगाम ज्याचं पीक वाळलं त्याचं पाणी कायमचं बंद. तिचा एक हंगाम वाळून गेला होता.

"माझी पाळी आखूड भरते," ती पंचांपुढं म्हणाली.

"वाटी सगळ्यांना एकच, आणि ती कधी चुकत नाही," पाटकरी म्हणाला. "हिला वाफे बांधता येत नाहीत, म्हणून वाटीवर खापर."

पंच हसले. गोजरा घरी गेली आणि आपलं जातं गाडीत घालून घेऊन आली.

"वाटी बुडेपर्यंत मी जात्याचे फेरे मोजते."

"आता पाणी दळणार होय, गोजरे?" पाटील म्हणाले. "आणि तुझा हात तरी सारखा चालतो कशावरून?"

"चालतच नाही. म्हणून आधी माझा हातच मोजू."

घंगाळातलं पाणी सकाळपासून निवळलेलं होतं. त्यात तिनं तीनदा वाटी सोडायला लावली. फेरे भरले दोनशे ऐंशी, दोनशे पंच्याऐंशी, दोनशे अठ्ठ्याहत्तर.

"माझा हात पाच-सात फेऱ्यांनी चुकतो. तेवढं माझ्या नावावर धरा. आता पाटाचं ताजं पाणी ओता, पहिल्या पाळीला ओतता तसं."

गढूळ पाणी ओतलं. फेरे झाले तीनशे चाळीस. पुन्हा सोडली, तर तीनशे तीस.

पंचांचं हसू थांबलं. पाटलांनी वाटी उचलून भोकावर बोट फिरवलं. बोटाला गाळ लागला. गाळ अडकला की वाटी सावकाश बुडायची आणि पहिली पाळी लांबायची. दुपारी पाणी निवळलं की वाटी भराभर बुडायची आणि गोजराची पाळी आखूड व्हायची.

"हे तुला ठाऊक होतं?" पाटलांनी पाटकऱ्याला विचारलं.

"थोडं इकडंतिकडं व्हायचंच की, पाटील."

"तुझ्याच शेताकडं बरं होतं ते इकडंतिकडं," गोजरा म्हणाली.

पंचांनी वाटी गोजराच्या हाती दिली. तिनं पाणी फडक्यातून गाळून घेतलं आणि पहिली पाळी दर खेपेला नव्या माणसाला दिली, म्हणजे उरलीसुरली चूक सगळ्यांना सारखी वाटली जाईल. रोज सकाळी ती बांधावरून ओरडून सांगायची, "आज वाटी दहा फेऱ्यांनी मागंपुढं होईल, धरून चाला." लोक तेवढं धरून वाफे बांधू लागले. त्या हंगामात गोजराचा गहू छातीइतका उभा राहिला, शेवटच्या चार वाफ्यांतसुद्धा. बघायला तेच पंच आले होते. या खेपेला हसली ती गोजरा.

माप थोडं चुकतंच. किती चुकतं ते ठाऊक असून जो दडवतो, दोष त्याचा, आणि त्या गावात त्याचं नाव होतं राघो.