मेजाजवळची रिकामी जागा

इसवी सन १८९४, मार्च महिना. पळसाची फुले गळून गेली होती आणि उन्हाळ्याने नुकताच जोर धरला होता. त्या सुमारास एका आडगावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत एक वयोवृद्ध गुरू आणि त्यांचा एक शिष्य सेवा करीत असत. गुरूंचे वय एक्याऐंशी. शिष्य तेवीस वर्षांचा. अभ्यासू, सत्यनिष्ठ आणि नियमाच्या बाबतीत केसभरही न ढळणारा.

पाळकसाहेबांना तालुक्याहून बैलगाडीने यावे लागे, म्हणून तेथे प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एका मेजावरची भाकर व प्याला वाटून घेण्याचा, विधी वर्षातून दोनदाच होई. आदल्या दिवशी प्रत्येक सभासदाची परीक्षा घेतली जाई. जो योग्य ठरे त्याला शिशाचा एक वाटोळा बिल्ला मिळे. बिल्ल्यावर नाव नसे. दुसऱ्या दिवशी तो हातात घेऊन पुढच्या बाकांवर बसायचे. ज्याच्याजवळ बिल्ला नाही त्याने मागे, दाराशी अंथरलेल्या तरटावर. ‘ज्याच्या हाती बिल्ला, त्यालाच भाकर व प्याला,’ हे वाक्य शिष्याने सुवाच्य अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते. परीक्षा घेण्याचे काम गुरूंनी त्या वर्षी प्रथमच त्याच्यावर सोपवले, आणि स्वतः सर्वांच्या आधी येऊन, विद्यार्थ्यासारखी उत्तरे देऊन आपला बिल्ला घेतला.

दुपारी केराबाई आली. पौष महिन्यात तिचा नातू देवीच्या आजारात गेला होता. तो तापाने भाजत असताना तिने वेशीवरच्या देवीला नवस बोलून खण-नारळ वाहिला होता.

“केराबाई, हे खरं आहे?” शिष्याने विचारले.

“खरं हाय, मास्तर. म्याच सांगितलं की तुमाला. दुसऱ्या कुणी पाह्यलंबी नव्हतं.”

“पुन्हा असं करणार नाही, एवढं वचन द्या. लगेच बिल्ला देतो.”

तिने आपला तळहात उलगडून पाहिला. “अन् उद्या धाकटी नात फणफणली, तर तवा माझं पाय कुठं जातील, ते आज कसं सांगू? खोटं बोलून बिल्ला घिऊ का?”

“मग बिल्ला मिळणार नाही.”

“जेवणाची हौस न्हाई मला, मास्तर. पर तुमीच शिकवलं, त्या मेजाला देवाघरी गेलेली माणसंबी बसत्यात. माझं लेकरू तिथं असंल. एकडाव त्याच्याजवळ बसू द्या.”

शिष्याने एक बिल्ला हाताशी ओढला. तरी तो म्हणाला, “नियम माझा नाही, बाई. ‘माझ्याखेरीज दुसरा देव मानू नको’ ही देवाची पहिली आज्ञा आहे.”

केराबाई उठून गेली. बाहेर खोळंबलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, “मास्तरांची चाळणी लई बारीक.” दुसरी म्हणाली, “तिच्यातनं मास्तर तरी खाली पडतील का?” त्या हसल्या. शिष्याने ते ऐकले आणि पुढचे नाव पुकारले.

सायंकाळी त्याने गुरूंना सर्व सांगितले. ते आपल्याला नमते घ्यायला लावतील, अशी त्याला धास्ती होती. परंतु गुरू म्हणाले, “नियम बरोबर लावलास. ती वचन देत नाही तोवर तिला बिल्ला देऊ नकोस.” शिष्य निश्चिंत झाला.

रविवारी पाळकसाहेबांनी मेजावरचे पांढरे वस्त्र दूर केले आणि शिष्य बिल्ले गोळा करीत बाकांवरून फिरू लागला. पहिल्याच बाकाच्या टोकाशी केराबाई बसली होती. तिच्या हातात बिल्ला होता.

“कुठून आणलात?” त्याने खालच्या आवाजात विचारले.

 तिने फक्त मागे पाहिले. शिष्यानेही पाहिले.

दाराशी, तरटावर, बाप्तिस्मा न झालेल्या आणि शिक्षेत असलेल्या माणसांच्या रांगेत गुरू मांडी घालून बसले होते. बाकावरची त्यांची जागा, जिथे ते चाळीस वर्षे बसत आले होते, ती रिकामी होती.

 बाईच्या हाती बिल्ला होता. वाक्य त्याचेच होते. त्याने तो बिल्ला पेटीत टाकला. केराबाईने भाकरीचा तुकडा दोन्ही हातांत घेतला आणि तिचे खांदे हलू लागले. पुढे तबक घेऊन फिरता फिरता शिष्य दाराजवळ पोचला, आणि न राहवून त्याने ते गुरूंपुढे धरले. गुरूंनी आपला रिता तळहात उघडून दाखवला व मान हलवली. ज्यांनी त्याला प्रार्थना शिकवली त्यांना वगळून त्याला परत फिरावे लागले. 

विधी संपल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीची वही मागवली. केराबाईच्या नावापुढचा निकालाचा रकाना अजून भरायचा होता. ते म्हणाले, “हा तूर्त कोरा राहू दे.”

माणसे पांगल्यावर शिष्य बाहेर लिंबाखाली गुरूंजवळ आला. “गुरुजी, हे आपण काय केलंत?”

“तुझ्या कागदावरचे कोणते अक्षर मोडले?”

“एकही नाही.”

“मोडायचे नव्हतेच. नियम खोटा असता तर मी तो कागद फाडला असता. पण तो खरा आहे. केराबाई चुकली; आणि ‘असू दे, चालायचेच’ म्हणून तिला आत घेतले असते, तर ती स्वतःच उठून दाराशी गेली असती, इतकी ती प्रामाणिक आहे. नियम माणसाला त्याची जागा दाखवतो, बाबा. तेवढे त्याचे काम, आणि ते पवित्र काम आहे. पण त्या जागेवर त्याच्याऐवजी जाऊन बसणे नियमाला येत नाही. ते कोणीतरी प्रेमाने करावे लागते, आणि त्याचे मोल ज्याने केले त्यानेच मोजायचे असते.”

 गुरू पुढे म्हणाले, “माझ्या उपाशी राहण्याने तिचे पाप धुतले, असे मात्र समजू नकोस. ते ज्याने धुवायचे, त्या प्रभूने आपली जागा सोडून, वेशीबाहेर क्रुसावर जाऊन, कधीच धुतले आहे. मी त्याने काढलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले, एवढेच.”

“पण आता सप्टेंबरपर्यंत... आपलं वय...”

“जगलो तर जेवीन. नाही तर जिथे जाईन, तिथे मेज मांडलेलेच आहे.” मग त्यांनी शिष्याकडे निरखून पाहिले. “तुझी परीक्षा मी घेतली. सगळी उत्तरे अचूक दिलीस. बिल्ला त्यामुळे मिळाला, असेच वाटते ना तुला?”

 आपण आजवर ज्या बाकावर निर्धास्त बसत आलो, तिथे बसता यावे म्हणून कोणीतरी उठून बाहेर गेले होते, हे त्या भर उन्हात शिष्याला पहिल्यांदाच दिसले, आणि त्याने पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या.

पावसाळा सरला. गुरू फार थकले, पण होते. सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेला पुन्हा परीक्षा झाली. केराबाई सर्वांच्या शेवटी आली.

“धाकटीला श्रावणात ताप आला होता म्हणे,” शिष्य म्हणाला.

“आला हुता. सात दिस.”

“मग?”

“मग काय, गुरुजींच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. पाय आपसूक तिकडंच वळलं. पोर उठली; पर नसती उठली तरी मी तिथंच बसले असते.” ती सावरून बसली. “आता लिवा, मास्तर. दुसऱ्या दाराला म्या जाणार न्हाई. माझं वचन हाय.”

“मार्चमध्ये का दिलं नाहीत?”

“तवा तुमी मागत हुता. आता म्याच द्यायला आलेय.”

शिष्याने बिल्ला तिला उभे राहून, दोन्ही हातांनी दिला.

दुसऱ्या दिवशी गुरू आणि केराबाई एकाच बाकावर शेजारी बसले. शिष्याने तबक पुढे धरले तेव्हा गुरूंनी त्याला खालून हात लावला आणि मग तुकडा उचलला. सभा सुटल्यावर शिष्याने वही उघडली आणि सहा महिने कोऱ्या राहिलेल्या रकान्यात निकाल लिहिला: ‘स्वीकृत. रविवार, ता. ३० सप्टेंबर १८९४.’