पाचवा बार

"मग डबी मला का न्हाई, उस्ताद?"

तिम्मा उस्ताद चिलीम भरत होता. डाव्या हाताला दोनच बोटं उरली होती, तरी चिलीम त्याच हातानं भरायची त्याची हौस. त्यानं मान वर केली नाही.

सायबू त्याच्यासमोर उभाच होता. मधल्या दगडावर त्यानं आपला परवाना ठेवला होता. विहिरीत सुरुंग लावायचा सरकारी परवाना, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. वर गोल शिक्का, आणि फोटोत सायबू चोरासारखा दिसत होता. टोळीतल्या अकरा माणसांत तो त्याला एकट्यालाच मिळाला होता.

"साहेबानं इचारलं ते समदं सांगितलं. पास झालो."

"ऐकलं."

"सा म्हैनं झालं. अजून येक बार लावला न्हाई मी. काडी वढतो, वातीजवळ नेतो, आन् हात थांबतो."

"का?"

"काडी तुमच्या डबीतली नसती."

उस्तादाच्या टोळीत तशी रीत होती. दगडाला भोकं कुणीही पाडावीत, दारू कुणीही ठासावी. वात मात्र पेटायची ती उस्तादाच्या पत्र्याच्या डबीतल्या काडीनंच. ज्याच्या कमरेला डबी, तो पुढचा उस्ताद.

तिम्मानं ती आयुष्यात एकदाच दिली. नऊ वर्षांपूर्वी, पोटच्या पोराला, अंबादासला. सायबू वयानं मोठा आणि कामानं जुना. त्याला ते फार झोंबलं. त्याच दिवशी तो रुसून मामाच्या गावी निघून गेला.

अडीच महिन्यांनी परतला, तेव्हा अंबादास विहिरीत बार उडून गेला होता. डबी बापाच्या कमरेला परत आली होती. ती तिथंच राहिली.

पुढं कचेरीनं परवान्याची तपासणी कडक केली, आणि तिम्माला घरी बसावं लागलं. त्याच्याकडं कागद नव्हता.

"तुमी तीनशे हिरी फोडल्या," सायबू म्हणाला. "आन् सरकार तुमालाच म्हनतं, कागद दाव. कागदाला दगड कळतो का?"

"न्हाई कळत."

"मग कशाला पायजे असला कायदा?"

तिम्मा हसला.

"कायदा पयल्यापास्नं हुता. कचेरीत निजला हुता. तेला उठवाया कोन गेलं, ठावं हाय?"

"ठावं असतं तर सोडला असता व्हय? हात झडूदेत तेचं!"

"निम्मं आदीच झडल्यात," असं म्हणून तिम्मानं डावा हात पुढं केला.

सायबूला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला.

"तुमी? सोताच्याच पोटावर पाय दिला?"

"अंबादास गेल्यावर पंधराव्या दिशी. अर्ज लिवून घेतला, उजवा अंगठा धड हुता, तो लावला."

"का पन?"

तिम्मा चिलमीत तंबाखू दाबत राहिला.

"सा बार लावलं हुतं. मी पाच मोजलं. पोरगं म्हनलं, साबी झालं अप्पा, दोर सोडा…"

"मग?"

"सोडला."

…

"डबी मीच दिलती न्हवं तेला? मग तो चुकतोय असं कुठल्या तोंडानं म्हनू?"

सायबूनं दगडावरच्या परवान्याकडं पाहिलं.

"कागदाला दगड कळत न्हाई, खरं हाय. पन कागदाला लेकरू नसतं, सायबू."

हे ऐकून सायबूच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग कागदच खरा म्हना. टाका ती डबी हिरीत. मीच येडा, रोज तिच्यासाठी झुरतोय."

माळापलीकडं कुणा ठेकेदाराच्या नव्या विहिरीचं काम चालू होतं. तिकडून एक बार ऐकू आला. वाती कमीजास्त लांबीच्या कापलेल्या असतात, त्यामुळं बार एकामागून एक, सारख्या अंतरानं उडतात. दुसरा उडाला. सायबूचं बोलणं चालूच होतं.

"इतकी वर्सं तुमच्या तोंडाकडं बघत आलो. साहेबानं सही केली तवा समद्यांनी पेढं खाल्लं. मला ग्वाड लागलं न्हाई…"

तिसरा.

"वाटायचं, येक डाव उस्ताद म्हनतील, सायबू, तुला जमतंय…"

चौथा.

"बापानं म्हनावं तसं… येकदाच…"

…

पुन्हा धडाका झाला, पण मधे एका बाराची जागा रिकामी गेली होती.

सायबू बोलता बोलता थांबला आणि ताडकन उभा राहिला.

"पाचवा झाला न्हाई!"

तिम्मानं काही म्हणायच्या आत तो उताराला लागला होता. चपला एकीकडं, परवाना दगडावर. माळावरच्या काट्याकुट्यांतून तो अनवाणी पळत गेला.

न फुटलेल्या बाराजवळ लगेच जायचं नाही, निदान दोन चिलमी थांबायचं, हे तिम्मानं टोळीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात भरवलं होतं. आज त्याच्या हातात भरलेली चिलीम होती, आणि पेटवायचं त्याला सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं पाचवा बार उडाला.

तिम्मा उठला. चार पावलं गेला आणि तिथंच बसला. विचारायला जवळ कुणी नव्हतं. माळावर ऊन तेवढं होतं. तो त्या वाटेकडं असा बघत राहिला, की जणू नऊ वर्षांनी आज त्या वाटेनं सायबू आणि अंबादास दोघंही येतील.

एकच आला. सायबू. गुडघा फुटलेला, ओठ सुजलेला.

"खाली कोन हुतं?"

"कुनी न्हाई. येक गडी उतरायलाच लागला हुता. दोर धरला हुता तेनं."

"थांब म्हनल्यावर थांबला?"

"कुटला! मुकादम म्हनला, तू कोन सांगनारा? परवाना हाय का?"

"मग दावायचा."

"हितं ऱ्हायला."

दोघांनीही दगडाकडं पाहिलं. फोटोतला सायबू अजून चोरासारखाच बघत होता.

"कागद असता तर येवढं झालं नसतं," सायबू ओठ चाचपत म्हणाला.

"मग काय केलंस?"

"दोर वर वढून घेतला आन् तेच्यावर बसलो. शिव्या दिल्या, दोन दनकंबी बसलं. उठलो न्हाई. मग फुटला… तवा गप झालं समदी."

त्यानं परवाना उचलला, धूळ झटकली आणि खिशात घातला. चपला पायात सरकवल्या. डबीचं नाव त्यानं काढलं नाही.

"येतो, उस्ताद."

"थांब."

तिम्मानं कमरेची पिशवी सोडली. डबी बाहेर काढली. घामानं तिचा पत्रा काळा पडला होता. त्यानं ती सायबूच्या तळहातावर ठेवली, पण आपला हात काढून घेतला नाही. ती दोन बोटं डबीवर तशीच राहिली.

इतकी वर्षं जिच्यासाठी सायबू झुरला, ती डबी हातात होती, आणि त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं.

…

"अंबादास दोर मागत हुता, सायबू… त्या दिशी तू कुटं हुतास रं?"