अर्ध्यात राहिलेले अक्षर

एकदा एका कार्यशाळेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेची पेटी तयार होत होती. पेटीचा मेंदू आणि आतली ऊब मोजणारा संवेदक यांचे बोलणे एका तारेवरून चाले; शेजारच्या तारेवरून मेंदू त्या बोलण्याला ताल देणारे ठोके पाठवी. ते घडवून आणणारा ड्रायव्हर, म्हणजे मेंदूतला छोटा प्रोग्राम, एका वृद्ध अभियंत्याच्या शिष्येने लिहिला होता.

सारे सुरळीत होते. फक्त वीज क्षणभर लुकलुकून मेंदू पुन्हा सुरू झाला, की क्वचित संवेदक ती तार दाबून धरी आणि मुका होई. मग आत ऊब किती, हे पेटीला कळेना. आणि उद्या तर पेटी रुग्णालयात जायची होती.

शिष्येने ड्रायव्हरला पुन्हापुन्हा हाक मारायला शिकवले. उत्तर नाही. बटणाच्या खटक्यालाही दचकणारी ती, रडवेली होऊन म्हणाली, "सर, मेलाय हा संवेदक. बदलूनच टाकू या."

"आणि नवा आणशील तो अमर असणार होय गं? सरक जरा."

सरांनी तिच्या सगळ्या हाका खोडल्या. त्याऐवजी लिहिले: काही विचारू नकोस, तार सुटेपर्यंत शेजारच्या तारेवरून नुसते ठोके दे.

"प्रश्नच नाही? नुसते ठोके?"

"बघ तर."

पडद्यावर तारेची रेघ तळाशी निपचित पडली होती. ठोके जात राहिले. एकाएकी रेघ वर उसळली! शिष्या दचकली. पाठोपाठ उबेचा आकडा उमटला.

सर म्हणाले, "वीज लुकलुकली तेव्हा हा उत्तर देत होता. ठोका पडला की पुढचा तुकडा द्यायचा, हा त्याचा नियम. अक्षर अर्ध्यात असताना विचारणारा मेंदू गेला, आणि परतला तो सगळे विसरून, नवा प्रश्न घेऊन. याच्यापाशी जुनेच उत्तर शिल्लक. ते पुरे झाल्याशिवाय तार कशी सोडेल?"

"म्हणजे इतका वेळ हा... माझ्याच ठोक्यासाठी थांबला होता?"

"हो. आणि तू बाई त्याचे दिवस घालायला निघालीस!"

तिला हसू आले नाही. त्या नखाएवढ्या संवेदकाकडे ती पाहतच राहिली. मग आपण होऊन तिने वीज तोडायच्या बटणावर बोट ठेवले.

"सर, पुन्हा एकदा बघू?"

खटका वाजला. या वेळी ती दचकली नाही. रेघ उठण्याची वाट पाहत राहिली.