पानमळ्यातली उतरण

“...आणि पाळकालाच प्रार्थना येईनाशी झाली, तर त्यानं काय करायचं, आप्पा?”

दानूआप्पा शिडीवर होते. शेवरीच्या खोडाला बांधलेल्या पानवेलीची एक गाठ त्यांनी सोडली. मग दुसरी.

“आधी पायताण काढ.”

रेव्हरंड जयवंत घाटगे बांधावर उभे होते. पायांत चकचकीत बूट, बगलेत डायरी. त्यांनी बूट काढले आणि डोळे मिटून म्हणाले, “खरं आहे. ही भूमी पवित्र आहे...”

“पवित्र-बिवित्र काय न्हाई. पानमळ्यात कुणी पायताण घालून येत न्हाई, एवढंच.”

मी खाली बसून बांधणीचा लव्हाळा भिजवत होतो. हसू कसंबसं दाबलं.

मी आप्पांच्या धर्माचा नव्हे. आमचा बांधाला बांध, आणि उतरणीच्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या हाताखाली जातो. मिरजेच्या पूर्वेकडची गावं आप्पांनी उपदेशक म्हणून चाळीस वर्षं सायकलीवर पालथी घातली. मला मात्र त्यांनी कधी धर्म सांगितला नाही. माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तीन महिने रोज सकाळी येऊन अंगण झाडून जायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जयवंत त्यांचाच शिष्य. आता शहरातल्या मोठ्या चर्चच्या मंडळीचे पाळक.

“हां, सांग आता,” आप्पा शिडीवरूनच म्हणाले.

जयवंतांनी सांगायला सुरुवात केली. रविवारी तीन उपासना. बुधवारी उपास-प्रार्थना. घरभेटी, लग्नं, मयती. शिवाय ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस रोज पहाटे पाचला मोबाइलवर एक संदेश, दोन हजार लोकांना.

“अजून एकही दिवस चुकला नाही,” ते म्हणाले. आवाजात जरा ताठा आला होता. मग तो आवाजच बसला.

“गेल्या आठवड्यात मंडळीतल्या सुलभाबाई वारल्या. शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, पाळकसाहेब, प्रार्थना करा. मी केली, आप्पा. कुठं अडखळलो नाही. घरचे सगळे रडले. आणि मी... मनात पुढच्या घरभेटीची वेळ बघत होतो.”

आप्पा शिडीवर थांबले.

“तोंड चालू होतं. आत कुणी नव्हतं.”

जयवंतांनी खिशातून पाकीट काढलं. “राजीनामा आहे. रविवारी पंचांपुढे ठेवणार. दीक्षेच्या दिवशी माझ्या डोक्यावर तुमचा हात होता, म्हणून आधी तुमच्याकडे आणला.”

“माझं हात मातीचं हायती. ठिव बुटात.”

जयवंतांना ते लागलं असावं. पण त्यांनी पाकीट बुटात ठेवलं.

आप्पा खाली उतरले. दोन पानं त्यांनी जयवंतांच्या तळहातावर ठेवली. एक तळहाताएवढं, दुसरं रुपयापेक्षा थोडं मोठं.

“यातलं शेंड्याचं कुठलं?”

“हे मोठं. वर ऊन जास्त, वारा जास्त. आकाशाच्या जवळ...”

“बारकं हाय ते शेंड्याचं.”

जयवंत पानाकडे बघत राहिले.

“येल वर गेला की पान बारीक पडतं. आणि वर गेला की आणखी बारीक. मुळापासनं लांब पडतोय न्हवं.”

“मग काय करता? तोडता?”

“तोडतंय कोण? उतरवतो.”

आमच्याकडे दरसाल हेच काम. शेंड्याला पोचलेली वेल सोडून खाली घ्यायची. खालच्या अंगाची पानं काढायची, बुंध्याशी तिचं वेटोळं करून मातीत पुरायचं आणि हातभर शेंडा तेवढा वर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. पाहणाऱ्याला वाटतं, चांगला मळा गाडून टाकला. पहिल्यांदा करताना मलाही रडू आलं होतं.

“वा!” जयवंत एकदम ताठ झाले. “वा, आप्पा! योहान, अध्याय पंधरा! मी वेल आहे, तुम्ही फाटे आहा! आणि ही उतरण...” त्यांनी डायरी उघडलीसुद्धा. पेनाचं टोपण दातांत.

“काय लिवतोस?”

“रविवारच्या संदेशाला...”

“रविवारी राजीनामा देणार हुतास न्हवं?”

जयवंतांच्या दातांतलं टोपण खाली पडलं. मला पुन्हा हसू आलं, पण या खेपेला त्यांचा चेहरा पाहून ते जिरलं. आपल्याच घरात चोरी करताना धरलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

“बघितलंत?” ते हळू म्हणाले. “मला आता काही दिसतच नाही. दिसलं की त्याचा उपदेश होतो.”

आप्पांनी डायरी घेतली, टोपणासकट बुटांजवळ ठेवली. मग सोडलेली वेल त्यांच्या हातांत दिली.

“धर. मोडू नगंस.”

दुपारपर्यंत काम चाललं. पहिल्या चार वेली जयवंत बोलत होते. किती खोल, किती माती, शेंडा कुठल्या बाजूला. पाचव्या वेलीला ते गप्प झाले. पांढऱ्या शर्टाला कोपरापर्यंत चिखल लागला होता.

जेवायला बसलो. भाकरी, पावटा, कांदा. जयवंतांनी सवयीनं हात जोडले. तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. शब्द येईना.

आप्पांनी वाट पाहिली. मग भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

“खा.”

खाऊन जयवंत शेवरीच्या सावलीत आडवे झाले आणि घोरायला लागले. मी उठवायला गेलो, तर आप्पांनी अडवलं.

“झोपू दे. बायबलातला एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला, तवा देवदूतानं त्याला भाकरीच दिली. उपदेश न्हाई.”

उन्हं कलल्यावर जयवंत जागे झाले. पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले. बुटात पाय घातला, तर पाकीट चुरगळलं. त्यांनी ते बाहेर काढलं.

“याचं काय करू?”

आप्पांनी ते घेऊन आपल्या बंडीच्या खिशात घातलं. “माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. पायजे तवा माग.”

“पण रविवारी?”

“मी येतो. शास्त्र वाचतो. तू मागच्या बाकावर बस.”

“मागच्या बाकावर? मंडळी काय म्हणेल? आणि आप्पा, ईस्टर चार आठवड्यांवर आलंय!”

“ईस्टर तू आणतोस व्हय?”

जयवंतांनी दुसरा बूट पायात घातला.

“त्या पहाटे येशूच्या कबरीवरची धोंड लोटली, ती पाळकानं का रं?”

जयवंत हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले. आप्पा नुसते शेजारी उभे होते. त्या उभं राहण्यात किती माया होती, ते मी पाहिलं आहे.

मग जयवंत स्वतः पुरलेल्या पहिल्या वेलीपाशी गेले, बूट पुन्हा काढून. मातीबाहेर हातभर शेंडा राहिला होता. त्याला तीन पानं होती.

“आप्पा, एवढं तरी सांगू मंडळीला? फक्त आजचं. पाच मिनिटं...”

बोलता बोलता त्यांचा हात शेंड्याच्या पानाकडे गेला.

आप्पांनी मनगट धरलं.

“हात मागं घे. उतरवलेल्या येलाचं पान दीड म्हैना खुडत न्हाईत.”