हाकेचा खडक

शेवऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. भरतीला तो गुडघाभर वर उरतो, ओहोटीला पुरुषभर. परगावची होडी, मग ती शिडाची असो की इंजिनाची, आत शिरण्याआधी या खडकाशी थांबते. तिचा नाखवा पुढे येतो आणि गावाकडे तोंड करून हाक देतो, "सोमा तांडेलाऽऽ!" काठावरून उत्तर येतं, "आलोच रे!" मग गावातला एक जाणता माणूस डोणीतून जातो, परक्या होडीचं सुकाणू हातात घेतो आणि तिला आत आणतो.

त्या माणसाचं नाव सोमा नसतं. शेवऱ्यात ते नाव कुणी ठेवत नाही.

असं का, म्हणून पाहुण्यांनी विचारलं की देवळाच्या पायरीवर जाळं विणत बसलेले यशवंतकाका मयेकर हातातली सुई खाली ठेवतात. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं असं सुकाणू धरलं. ते सांगतात ती हकिकत अशी.

फार मागं या गावात सोमा आणि झिलू असे दोन भाऊ होते म्हणे. आईबाप लवकर गेले, झिलूला सोमानंच वाढवलं. सोमा खाडीचा तांडेल होता, होड्यांना वाट दाखवून आत आणणारा. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे आणि त्यातून आत यायला खोल वाट एकच. ती दर पावसाळ्यात जागा बदलते. पाऊस सरला की सोमा आठ दिवस डोणी घेऊन तिथं फिरायचा. दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला मेण. ते तळाला टेकवायचं, वर ओढायचं आणि मेणाला काय चिकटलं ते बघायचं. काळा चिखल आला तर वाट. पांढरी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा आला तर मरण. दोरी ओढायला झिलू असायचा.

एका वर्षी अंतोबा खोतानं देवळासाठी मोठी घंटा ओतवून घेतली, दूरच्या बंदरात. ती आणायला दोन गलबतं ठरली. सोमा आपणहून खोताच्या अंगणात गेला, सुकाणू मी धरतो म्हणाला. खोत हसला.

"तू मासे मार, सोमा. घंटा आणायचं काम जाणत्या माणसाचं."

त्यानं मोठ्या बंदराचा नामांकित नाखवा बोलावला. हा नाखवा खोटा नव्हता. यशवंतकाका इथं हमखास थांबतात आणि पुन्हा सांगतात, माणूस कसबी होता, दर्या पार करून आलेला. शेवऱ्याच्या खुणाही त्याच्याजवळ होत्या. देवळाचा कळस आणि टेकडीवरचं उंडीचं झाड एका रेषेत आलं की सरळ आत. खुणा अगदी खऱ्या होत्या. फक्त गेल्या वर्षीच्या होत्या.

सुकाणू मिळालं नाही तरी सोमा घंटेच्या गलबतावर साधा खलाशी म्हणून चढला. झिलू पेटला.

"ज्यानं तुला हाकलला त्याच्या दोऱ्या ओढायला जातोस? लाज नाय वाटत दादा?"

"गावची बारा माणसं हायत गलबतावर. वाट चुकली तर सांगायला कोण?"

"तुझं ऐकतंय कोण! जा मग. परत आलास तरी माझ्याशी बोलू नको."

सोमानं झिलूच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला.

नवव्या दिवशी दुपारी शिडं दिसली. झिलूनं रागानं ठरवलं होतं की बघायलासुद्धा जायचं नाही. पण सगळ्यांच्या आधी तोच खडकावर जाऊन उभा राहिला, डोणी खाली बांधून. पश्चिमेचा वारा चढला होता, ओहोटी लागली होती. पुढच्या गलबतावर घंटा, नाखवा आणि सोमा. मागच्यावर खोत, त्याच्या घरची बायकापोरं आणि देवळाचे मानकरी. मागच्याला एकच हुकूम होता, पुढच्याच्या मागोमाग यायचं.

पुढचं गलबत कळस आणि उंडी रेषेत धरून आलं. त्या रेषेवर यंदा पांढरी वाळू होती. झिलूनं स्वतः ती मेणावर पाहिली होती. तो ओरडला, हात हलवले. वाऱ्यात काही पोचलं नाही.

गलबत बांधावर चढलं, डोलकाठी मोडून आडवी झाली आणि घंटा एका बाजूला सरकून तिनं कूस फोडली. माणसं पाण्यात पडली. बरेचजण बांधावरच छातीभर पाण्यात उभे राहिले. एकजण मात्र डोलकाठीच्या तुकड्याला धरून ओहोटीबरोबर बाहेर ओढला जात होता. डोक्याला लाल मुंडासं होतं. झिलूनं ते दहा वर्षं पाहिलेलं.

त्यानं डोणी सोडली. विचार केला नाही, नुसता वल्हवत सुटला. सोमाच्या कपाळातून रक्त येत होतं. झिलू हाताच्या अंतरावर आला, तेव्हा सोमा ओरडला, "माझ्याकडं काय येतोस? मागं बघ!"

मागचं गलबत भरल्या शिडांनी त्याच रेषेवर येत होतं. पुढच्या गलबताचं काय झालं ते त्यांना फेसात दिसत नव्हतं.

"मरू देत!" झिलू म्हणाला.

"पोरं हायत त्यात. यंदा वाट खडकाला लागून हाय. तुला ठावं हाय. तुझ्याशिवाय आता कुणाला ठावं नाय. जा!"

झिलूनं डोणी वळवली. वळवताना तो मागं बघत ओरडला, "घट्ट धर दादा! आलोच रे!"

मागच्या गलबताची लोंबती दोरी धरून तो वर चढला. त्यानं सुकाणूवाल्याला ढकललं. खोत धावून आला, "अरे कोण तू? सोड सुकाणू!"

"खोतानू, गप बसा आणि पोरांना खाली बसवा."

त्यानं गलबत खडकाकडं वळवलं. बायका किंचाळल्या, कारण तो सरळ खडकावरच नेतोय असं दिसत होतं. खडक इतका जवळून गेला की त्यावरच्या कालवांचे शिंपले मोजता आले असते. बुडाला काहीच लागलं नाही. गलबत आतल्या शांत पाण्यात शिरलं आणि झिलूनं पाण्यात उडी टाकली.

डोलकाठीचा तुकडा त्याला सापडला. लाल मुंडासं सापडलं. सोमा सापडला नाही.

खोत हात जोडून दारात आला, झिलूनं बघितलं नाही. त्यानं शपथ घेतली, पुन्हा सुकाणूला हात लावणार नाही. वर्षभर तो कुणाशी बोलला नाही असं सांगतात. पाऊस सरला तेव्हा मात्र शिशाची दोरी घेऊन तो एकटाच खाडीच्या तोंडाशी आठ दिवस फिरला.

पुढच्या आश्विनात तोच नाखवा दुसरं गलबत घेऊन आला. तोही बांधावर उभा राहून वाचला होता; सोमाचं त्यानं ऐकलं नव्हतं. या खेपेला तो खडकाशी थांबला, नांगर टाकला, डोक्यावरचा फेटा काढला. काठावर बसलेल्या गावासमोर त्यानं हाक दिली, "सोमा तांडेलाऽऽ!"

कुणी हललं नाही. सगळे झिलूकडे बघत होते. नाखव्यानं पुन्हा हाक दिली. ओहोटी लागायला आली होती, गलबत दोरीवर ओढ घेऊ लागलं होतं. तिसऱ्या हाकेला झिलू उठला. त्याच्या तोंडून शब्द निघाले ते शेवटी दादाला दिलेलेच.

"आलोच रे!"

घंटा तळाशीच आहे. शेवऱ्याच्या देवळात घंटा नाही, माणसं टाळी वाजवून आत जातात. आज बाहेरच्या बोटींवर पाण्याची खोली दाखवणारी यंत्रं असतात, नाखवे शिकलेले असतात, तरी खडकाशी आल्यावर इंजिन बंद होतं. यशवंतकाका बोलता बोलता मधेच गप्प होतात, कान देतात. खाडीवरून हाक आलेली असते. त्यांच्याकडून आता वल्हं ओढवत नाही, डोणीत त्यांचा पुतण्या जातो. पण उत्तर ते अजून स्वतःच देतात, पायरीवरून उठून, सगळा दम एकवटून.