चिमाईने झाकलेला आड

नेरवंड्याच्या खालच्या वाडीत शिरताना डाव्या हाताला एक अरुंद आड लागतो. जांभ्या दगडाचा कठडा शाबूत, आत पुरुषभर पाणी, आणि तोंडावर मात्र अख्खी काळी शिळा. नवखा माणूस हमखास विचारतो, आटला का? गुरवांची काशीआजी कठड्याला टेकून सांगते, "आटतोय कशाला? भरलेला आहे. चिमाईनं आपणहून झाकला." मग पदर सावरते आणि पुढचे सांगते.

फार जुनी गोष्ट. गावात तेव्हा हा एकच आड होता म्हणे. चिमाई लग्न होऊन आली त्याच साली तिच्या सासऱ्याने तो खणला. पाणी सुनेच्या पायगुणाचे, असे लोक म्हणत, आणि चिमाई ते कुणाला विसरू देत नसे. सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावच्या बायका तिच्या अंगणातून जात. कुणाची सून रडते, कुणाची म्हैस आटली, हे आधी चिमाईला कळे, मग गावाला.

पुढे धाकट्या दिराचे लग्न झाले. त्याची बायको पुतळा घाटावरची. बोलायला कमी, बघायला जास्त. आडावरच्या गलक्यात तिचा जीव रमेना. तिने घरामागच्या डोंगरात कपारीतून झिरपणारे पाणी हेरले, पोफळीचे खोड कोरून पन्हळ लावली आणि बोटभर धारेखाली कळशी ठेवून दिली. दोघी जावांच्या चुली वेगळ्या होत्या, अंगण एकच.

एका दुपारी चिमाईचा नवरा जेवता जेवता म्हणाला, "आज डाळ लोण्यासारखी शिजली गो!"

"रोजचीच तर आहे."

"डाळ रोजची," सासू म्हणाली. "पाणी पुतळाच्या पन्हळीचं. मी आणलं."

 पुढचे चार दिवस चिमाईने मुद्दाम अर्धकच्ची डाळ वाढली, असे सांगतात.

हळूहळू बारा घरांच्या कळश्या डोंगराकडे वळल्या. चिमाई पडवीत निवडण घेऊन बसे आणि सुपापेक्षा वाटेकडे जास्त बघे. कोण गेली, कोण आली, कुणी मान खाली घातली, सगळे तिला आरतीसारखे पाठ झाले. स्वतःच्या तीन वर्षांच्या बाळकूला तिने बजावले, काकीच्या घरचा घोट घ्यायचा नाही.

मग तिला युक्ती सुचली. धुण्यासाठी बायकांना लांब नदीवर जावे लागे. तिने नदीतली काळी शिळा आठ गड्यांकडून उचलून आणवली आणि आडाच्या कठड्याला लागून बसवली. पाणीही इथे, धुणेही इथे! नदीवर जाणाऱ्या बायका धुणे घेऊन आडावर येऊ लागल्या. गलका पुन्हा सुरू झाला. पण ती बारा घरे काही वळली नाहीत.

भाद्रपदात एका घरी बाजाराहून पाहुणा आला आणि दोन दिवस हगवणीने लोळला. त्याची घाण झालेली धोतरे त्याच शिळेवर धुतली गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावात माणसे पडू लागली. ओकाऱ्या, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, पिंडऱ्यांत गोळे, डोळे खोल गेलेले. दोन म्हातारी माणसे गेली. बाळकूनेही अंथरूण धरले.

गावकी देवळापुढे बसली. भगत म्हणाला, "देवीचा कोप आहे. गावात नवं पाणी, नवं पाऊल. पन्हळ फोडा, बाईला माहेरी धाडा. आणि त्या पाण्याला कोण कोण शिवलं त्यांची नावं सांगा, त्यांच्या उंबऱ्यावरून उतारा काढायचा आहे."

सगळ्यांनी चिमाईकडे पाहिले. एवढी नावे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पुतळा खांबाआड मान खाली घालून उभी होती. चिमाईच्या मनाची जणू दिवाळी झाली. ती बोलू लागली, "शिगवणांचा गोंदू. रेवाळ्यांची मंडळी. भुवडांचा धर्मा..."

नाव घेतले की ती त्या माणसाकडे बघे. गोंदू समोर पान चघळत बसला होता. रेवाळे चौघेही हजर. धर्मा आपल्या पायांनी चालत आलेला. तिची सासूही तशीच, ठणठणीत. सातव्या नावानंतर चिमाईची जीभ अडखळली.

"थांबलीस का गो?" भगत म्हणाला.

ती थांबली खरी. उरलेली पाच नावे घेतली असती तर पुतळा दुसऱ्या दिवशी घाट चढून गेली असती आणि गावात पुन्हा एकच पाणी राहिले असते. हे तिच्या मनात आलेच नाही, असे काशीआजी म्हणत नाही. 

"ह्यांतलं एकही माणूस पडलेलं नाही," शेवटी चिमाई म्हणाली. "पडलेत ते सगळे माझ्या आडाचे. दोनदा पोहऱ्यात रिठ्याचा फेस आला. शिळेवरचं पाणी आत मुरतंय. मी फेस ओंजळीनं काढून टाकला आणि गप्प बसले."

एवढे बोलून ती उठली, घरी गेली, आडाच्या पाण्याने भरलेली कळशी अंगणात पालथी केली आणि तीच घेऊन प्रथमच पन्हळीखाली उभी राहिली. मागोमाग पुतळा आली.

"उकळून घ्या, जाऊबाई. निवलं की चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घाला. पळीपळीनं पाजा. ओकला तर जरा थांबून पुन्हा. जुलाब चालू आहेत तोवर पाजणं सोडायचं नाही. मग पेज. माहेरी आम्ही असंच केलं होतं."

"घाटावर सगळंच शिकवून पाठवतात वाटतं," चिमाई म्हणाली, आणि चूल पेटवायला वळली.

तिसऱ्या दिवशी बाळकूने भात मागितला. घरोघर तेच पाणी, तीच पळी फिरली. ज्यांना उशीर झाला होता ते गेले, बाकीचे उठले. चिमाईने त्याच आठ गड्यांना बोलावून शिळा आडाच्या तोंडावर ठेवली. तिचा मत्सर गेला, असे मात्र कुणी सांगत नाही. ती रोज पन्हळीजवळ जाऊन बसे. कुणी तिथे पाय धुतले, कळशी घासली, की असा आवाज लावी की पुतळाही घराबाहेर येई.

आजही शिळा आडावर तशीच आहे. आजही इथे कुणाचे पोट बिघडले की दवाखान्याच्या वाटेवर पहिला प्रश्न असतो, "पाणी कुठलं प्यालास?" वरच्या वाडीच्या टाकीची चावी खालच्या वाडीकडे असते आणि खालच्या वाडीची वरच्या वाडीकडे, दोन्ही वाड्यांचे आपसांत अजिबात पटत नाही, म्हणूनच. आणि नवी सून घरात आली की पहिली कळशी ती थोरल्या जावेच्या डोळ्यांदेखत भरते. थोरली खोट शोधायला बघावे तसेच बघते. त्यासाठीच तर तिला बोलावलेले असते.