चिंगूला घर नाही

एक होती काचेची पेटी. पेटीत होता समुद्र. एवढासा.
समुद्रात राहायची चिंगू कोळंबी. नखाएवढी.

एके सकाळी चिंगूने कात टाकली. सुळुक. जुनं कवच गेलं. नवं कवच लोण्यासारखं मऊ.
खेकड्याने पाहिलं.
"मऊ खाऊ," तो म्हणाला. "आलोच."
टक.

चिंगू पळाली. सुळुक सुळुक. दगडातल्या बिळाशी आली. तिथे बसली होती गोगलआजी. शंखाचं दार घट्ट बंद.

"गोगलआजी, गोगलआजी, बाजूला सरक. मला घर नाही."
"नाही सरकणार," आजी आतून म्हणाली. "पाणी फार खारट. माझी धाकटी बहीण कालच मेली. पाण्याला सांग, खार सोड."
टक टक.

चिंगू वर गेली. सुळुक सुळुक.
"पाण्या पाण्या, खार सोड. गोगलआजी सरकत नाही, मला घर नाही."
"कसा सोडू?" पाणी म्हणालं. "तांब्या रोज खारंच पाणी ओततो. त्याला सांग, गोडं पाणी आण."
टक टक टक.

पेटीच्या काठावर होता तांब्या.
"तांब्या तांब्या, गोडं पाणी आण. पाणी खार सोडत नाही, गोगलआजी सरकत नाही, मला घर नाही."
"मी आपला सांगितलेलं करतो," तांब्या म्हणाला. "आजोबा मीठ कालवतात. त्यांना सांग, मीठ थांबवा."
टक टक टक टक.

काचेबाहेर होते आजोबा. पेटी त्यांचीच.
"आजोबा आजोबा, मीठ थांबवा. तांब्या गोडं पाणी आणत नाही, पाणी खार सोडत नाही, गोगलआजी सरकत नाही, मला घर नाही."
"समुद्राला मीठ नको?" आजोबा म्हणाले. "तीस वर्षं मासे पाळतोय. तू कालची पोर, मला शिकवतेस? मीठ मोजायची नळी आहे ना आत. तिला सांग, आकडा दाखव. मग बघू."
टक टक टक टक टक.

कोपऱ्यात तरंगत होती नळी.
"नळी नळी, आकडा दाखव. आजोबा मीठ थांबवत नाहीत, तांब्या गोडं पाणी आणत नाही, पाणी खार सोडत नाही, गोगलआजी सरकत नाही, मला घर नाही."
"कसा दाखवू?" नळी म्हणाली. "अंगभर शेवाळ. ते गोगलआजी खायची. तिला सांग."

चिंगू थांबली.
"आजी तर सरकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळे एकमेकांवर ढकलत बसा. मीच खाते."

कुरु कुरु. कुरु कुरु.
टक टक टक टक टक टक. खेकडा आला. कट्. चिंगूची एक मिशी गेली.
चिंगू थांबली नाही. कुरु कुरु.

नळीने आकडा दाखवला.
आजोबांनी चष्मा लावला. "अरे. पाणी आटतं, मीठ तर आतच राहतं. चुकलंच माझं."
आजोबांनी मीठ थांबवलं.
तांब्याने गोडं पाणी आणलं. धो धो. धार खेकड्याच्या डोक्यावर. खेकडा मागे.
पाण्याने खार सोडला. थोडा. अजून थोडा.
गोगलआजीने दार उघडलं. आजी सरकली.
चिंगू आत. सुळुक.

"तुझी मिशी?" आजीने विचारलं.
"गेली. पुढच्या कातीला येईल."
"आणि माझी बहीण?"
चिंगू आजीच्या शंखाला टेकली.

आजी हळूच मागे सरकली. बिळाच्या तोंडाशी बसली. आता दार होऊन.
बाहेर टक. टक. टक.
आत चिंगू. कवच घट्ट होत होतं. घट्ट. अजून घट्ट.